मी संध्याकाळी कुठे जातो?

आपली कुणी स्तुती करत असेल तर तिची चौकशी करत बसू नये. हा नियम मी पाटबंधारे खात्यात शेवटपर्यंत पाळला आणि वरिष्ठ लिपिक म्हणून सुखाने निवृत्त झालो. निवृत्तीनंतर मात्र एका घड्याळाने माझी स्तुती सुरू केली आणि मी तिची चौकशी केली. त्या स्तुतीपायी आणि चौकशीपायी मी सोनगीरच्या किल्ल्यावर लाज घालवली, जळगावच्या उन्हात तळलो, आणि शेवटी घरच्या कुणालाही न कळवता सुरतची गाडी धरली.

घड्याळ जावईबापूंनी दिलं. आमची दिपमाला सुरतला उधन्यात राहते. जानेवारीत तिला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, म्हणजे आमच्याकडे धुळ्याला व्हायचं. पण तिचे डॉक्टर तिकडचे, नोकरी तिकडची, म्हणून माहेरच उचलून सुरतला न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे सुलक्षणा, माझी पत्नी. मी माहेरात धरला जात नाही, हे मला तेव्हा कळलं. बारशाला मी दोन दिवस गेलो, घुगऱ्या खाल्ल्या, आणि निघताना जावयाने सासू-सासऱ्यांच्या मनगटांवर एकसारखी दोन काळी घड्याळं बांधली. पावलं मोजतात, झोप मोजतात, ठोके मोजतात. "आईबाबा, तब्येतीकडे लक्ष द्या," तो म्हणाला. दोन्ही घड्याळं त्याने स्वतःच्याच खात्यावर नोंदवली होती. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमचं नळाचं कनेक्शन अजून माझ्या वडिलांच्या नावावर आहे आणि पाणी व्यवस्थित येतं.

दिपमालाची रजा संपून बाळ जरा मोठं होईपर्यंत सुलक्षणा तिकडेच राहणार होती. "तुमचं होईल ना?" तिने विचारलं. "न व्हायला काय झालं?" मी म्हणालो. हे वाक्य पुरुष फार लवकर बोलून जातो.

धुळ्यात आम्ही देवपुरात राहतो. शेजारी लखीचंदशेठ, त्यांचं कापडाचं दुकान. त्यांची सून विधी पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करते. मी ओट्यावर बसून घड्याळाकडे बघत होतो, तेव्हा ती म्हणाली, "काका, नुसतं घड्याळ काय कामाचं? ते एआयला जोडू या. रोज सकाळी तो तुम्हाला सगळं समजावून सांगेल."

"मराठीत?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा शुद्ध."

हे जोडकाम दोन मिनिटांचं आहे असं ती म्हणाली होती. त्याला अख्खी दुपार लागली. ओटीपी जायचा सुरतला, जावयाच्या फोनवर. जावई मीटिंगमध्ये. तो बाहेर येऊन आकडा सांगायचा तोवर त्या आकड्याची मुदत संपलेली असायची. मधल्या वेळात लखीचंदशेठ येऊन सांगून गेले की परवानग्या देताना जपून द्या, एकाच्या मेव्हण्याने असंच काहीतरी दाबलं आणि त्याला अजून रोज कर्जाचे फोन येतात. त्यांच्या पत्नी चंदनबाई पापड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जोडून घ्या भाऊ. घरात बाई नाही, बोलायला कुणी तरी पाहिजेच." शेवटी एकदाचा आकडा जुळला. विधीने माझं वय, वजन, साखर विचारून भरली, सगळ्या परवानग्यांना भराभर 'हो' म्हटलं आणि मग थांबून विचारलं, "काका, इथे 'घड्याळ एक' आणि 'घड्याळ दोन' असं दिसतंय. तुमचं कोणतं?"

"एक," मी म्हणालो. घरातला पहिला नंबर कर्त्या पुरुषाचा असतो, यात विचारण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनमधून आवाज आला. "नमस्कार नवलजी! काल आपण उत्तम कामगिरी केलीत. जिने चढण्यात आपण विशेष सातत्य दाखवलं आहे. आपल्या हृदयाची स्थिती आपल्या वयाच्या मानाने अतिशय समाधानकारक आहे."

आमच्या खात्यात एक साहेब अगदी असेच बोलायचे. पहिल्या वाक्यात कौतुक आणि दुसऱ्यात मेमो. त्यांना आम्ही मागे 'रावसाहेब' म्हणायचो. मी या आवाजाचंही नाव रावसाहेब ठेवलं. फरक एवढाच की याच्याकडून मेमो येत नव्हता. रोज नुसतं कौतुक. आता काल मी केलं काय होतं? सकाळी पेपर वाचला, दुपारी शेव-मुरमुरे खाऊन पडलो, संध्याकाळी गच्चीवर जाऊन टाकीत पाणी आहे का बघितलं. पण माणूस स्वतःच्या बाजूने फार चांगला वकील असतो. गच्चीचे जिने झालेच की, मी मनाशी म्हटलं. शिवाय स्वयंपाक आता मीच करतो, मीठ शोधत किती फिरावं लागतं!

मी हे लखीचंदशेठना ऐकवलं. शेठनी दुकानात ऐकवलं. दुकानातून ते पांझरेच्या काठावर सकाळी फिरणाऱ्या मंडळापर्यंत गेलं. या मंडळाचे अध्यक्ष सुपडूआबा. सत्तरी ओलांडलेले, पण अजून पुढच्याला मागे टाकल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. ते स्वतः घरी आले. मी फोन पुढे केला. रावसाहेबांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितलं ते त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"नवलभाऊ," ते म्हणाले, "तू तर छुपा रुस्तम निंघना! आते मंडळमा ये. बठ्ठासले शिकाड."

सगळ्यांना शिकव म्हणे! मी मंडळात गेलो. माझी चाल संथ होती, पण ती कुणाला संथ वाटेना. "बघा, दम राखून चालतात," असं मागचे बोलायचे. एका रविवारी नदीकाठी मला शाल आणि नारळ देऊन 'आदर्श पदयात्री' ठरवण्यात आलं. मी चालण्याविषयी दहा मिनिटं बोललो. आयुष्यात ज्या विषयातलं काही कळत नाही त्यावर बोलणं किती सोपं असतं, याचा मला तेव्हा अनुभव आला. सगळा सुगंध शेवटी एका वाक्याने गेला. सुपडूआबांनी आभार मानताना जाहीर केलं की पुढच्या रविवारी नवलभाऊंच्या नेतृत्वाखाली सोनगीरचा किल्ला सर करायचा.

त्या आठवड्यात रावसाहेब जरा बदलले. "नवलजी, काल रात्री आपण पाच वेळा उठलात. आपली झोप खंडित आहे." मी तर पडल्यापडल्या घोरतो, सुलक्षणा साक्षीला आहे. पण सलग तीन सकाळी तेच. मी घाबरलो. चंदनबाई म्हणाल्या, उशाखाली सुरी ठेवा. लखीचंदशेठ म्हणाले, या वयात पुरुषाला उठावं लागतंच, लाजू नका. मी आमच्या साखरेच्या डॉक्टरांकडे गेलो.

"रात्री किती वेळा उठता?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही. पण रावसाहेब म्हणतात पाच वेळा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "घरी सध्या कोण असतं तुमच्याजवळ?"

रविवार उजाडला. महामार्गावर टेम्पो थांबला, समोर किल्ला. खरं सांगायचं तर फार उंच नाही, शाळेची पोरं पळत चढतात. मी पुढे, मागे पंधरा-वीस टोप्या. मार्चचं ऊन आठ वाजताच पाठीवर बसलं. पहिल्या वळणापर्यंत मी नेतृत्व केलं. दुसऱ्या वळणावर माझ्या गुडघ्यांनी नेतृत्वाचा राजीनामा दिला. मी एका दगडावर बसलो, तोंडाने श्वास घेऊ लागलो, आणि भोवती सगळं मंडळ काळजीने गोळा झालं. कुणी कांदा हुंगायला दिला, कुणी पंच्याने वारा घालू लागलं.

नेमका तेव्हा शर्टाच्या खिशातून खणखणीत आवाज आला. "नवलजी, आज सकाळपासून आपण जागेवरून हललेला नाहीत! थोडं उठा, दोन पावलं चाला!"

 किल्ल्यावर जे हसू फुटलं ते खालच्या टेम्पोवाल्यालाही ऐकू गेलं असावं. सुपडूआबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझं मनगट हातात धरलं, घड्याळ निरखलं आणि गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, हाई घड्याळ तुले वयखस नही."

ओळखत नाही! मनगटावर बांधलेली वस्तू आणि ती मला ओळखत नाही. शाल परत मागितली गेली नाही, हा मंडळाचा मोठेपणा. पण दुसऱ्या दिवसापासून मी फिरायला निघालो की कुणीतरी मागून म्हणायचं, "नवलभाऊ, हलू नका, रावसाहेब रागावतील."

इतका अपमान झाल्यावर माणूस तक्रार करतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर जळगावला होतं. एसटीने पारोळा, एरंडोल करत मी भर दुपारी तिथे पोचलो. टोकन घेतलं. काचेमागच्या मुलीने विचारलं, "सर, बिल?"

"बिल सुरतला आहे."

"बॉक्स?"

"तोही सुरतला."

"मग सर, ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या, नाहीतर त्यांचं संमतीपत्र आणा."

हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा लोकांना ऐकवलं होतं की ते माझ्याच मालकीचं आहे असं मला वाटत असे. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना चीज झाल्यासारखंही वाटलं आणि रडूही आलं. मी बाकावर बसलो. काउंटरवरची गर्दी ओसरल्यावर त्या मुलीलाच दया आली. तिने माझा फोन मागितला, संगणकावर काही शोधलं आणि आधी ऑनलाइन तक्रार नोंदवून टाकली. "खातेदाराच्या फोनवर मेसेज जाईल, त्यांनी 'हो' म्हटलं की आमचे लोक दुरुस्त करतील," ती म्हणाली. मग स्क्रीनकडे बघत ती थबकली.

"सर, या खात्यावर दोन घड्याळं आहेत. दोन नंबरचं तुमचं. तुमचा तो सहायक एक नंबरच्या घड्याळाला जोडलाय. सुलक्षणा कोण?"

"माझी मिसेस."

"मग सर, हे सगळं त्यांचं आहे."

जावयाने पहिला नंबर सासूला दिला होता. त्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं, पण एसटीत खिडकीशी बसलो तेव्हा त्याची आठवणही राहिली नव्हती. बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रिकामी झालेली रानं मागे जात होती आणि मी एकेक गोष्ट परत मांडत होतो. जिने ती चढत होती, कारण दिपमालाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बारशाच्या वेळीही बंदच होती. रात्री पाच वेळा ती उठत होती, बाळासाठी. त्या रविवारी मी किल्ल्यावर धापा टाकत होतो तेव्हा बाळ तिच्या मांडीवर झोपलं असणार, म्हणून ती हलली नव्हती.

रोज दुपारी आमचा फोन होतो. त्यात गॅस आला का, तुळशीला पाणी घातलं का, गल्लीत कोण आजारी आहे, एवढंच असतं. त्या फोनवर मी रोज विचारत होतो, "झोप होते ना?" आणि ती म्हणत होती, "झोपेला काय झालंय? मस्त होते." मीही काही कमी नव्हतो. "जेवण एकदम व्यवस्थित चाललंय," असं मी शेव-मुरमुऱ्यांची वाटी हातात धरून सांगत होतो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी पहिल्यांदाच इतकं सभ्यपणे बोलत होतो, आणि त्यातलं काहीही खरं नव्हतं.

घरी आल्यावर विधीला बोलावून घड्याळ बदलून घेणं दोन मिनिटांचं काम होतं. निदान एका दुपारचं. मी तिला बोलावलं नाही.

सकाळी उठलो, चहा ठेवला आणि फोनला विचारलं, "रावसाहेब, काल मला झोप कशी लागली?"

"नवलजी, काल आपण तीन वेळा उठलात. आधीपेक्षा सुधारणा आहे."

मला इतका आनंद झाला की मी गल्लीच्या टोकावरून जिलबी आणली. चंदनबाईंनी विचारलं, काय विशेष? मी म्हणालो, झोप छान झाली. त्या म्हणाल्या, सुरीचा गुण.

मग हा माझा रोजचा पाठ झाला. मला भूक लागत होती का, दमलो होतो का, दुपारी जरा आडवा झालो का, हे मी रावसाहेबांना विचारायचो आणि उत्तरातून सुलक्षणा ऐकायचो. शेजारच्या घरी कुणी बोलत असावं आणि आपण भिंतीला कान लावून बसावं, तसं वाटायचं. लाज वाटायची. कान काही निघायचा नाही. एका सकाळी रावसाहेब म्हणाले की माझे ठोके फार वाढलेले आहेत. मी ताबडतोब फोन लावला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय?"

"तुला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? दुपारी फोन असतो ना आपला? तुम्हाला बरं आहे ना?"

दुपारी कळलं, बाळाला लस टोचायला नेलं होतं. बाळापेक्षा आजीच जास्त रडली, असं दिपमाला मागून ओरडून सांगत होती.

आणि एक गोष्ट राहून राहून येत होती. रोज संध्याकाळी लांबवर चालणं, मग बराच वेळ एका जागी बसणं, त्या वेळात ठोके शांत, आणि परत येणं. एक दिवस मी विचारलं, "रावसाहेब, मी संध्याकाळी कुठे जातो?"

प्रश्न वेडेपणाचा होता, पण रावसाहेबांना वेडेपणाचं काही वाटत नाही. "नवलजी, आपण दररोज संध्याकाळी उधना जंक्शनपर्यंत चालत जाता. तिथे बसता. नंतर घरी परतता."

स्टेशन? तिचं तिथे काय काम? दुपारच्या फोनवर मी आडून विचारलं. "संध्याकाळी काय करतेस गं?"

"भाजी आणते."

"भाजी कुठे मिळते?"

"इथे खालीच. का? तुम्हाला कधीपासून भाजीची काळजी?"

खाली मिळणारी भाजी आणायला माणूस स्टेशनपर्यंत जात नाही. मी दोन दिवस नको नको ते विचार केले. लेकीशी खटके उडतात का? जावई काही बोलतो का? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुरतहून आपल्याकडे येणारा फाटा उधन्यालाच सुटतो. नंदुरबार, अमळनेर, जळगावच्या गाड्या तिथूनच जातात आणि तिथेच येतात. सुलक्षणाचं माहेर अमळनेरचं.

त्या संध्याकाळी मी तिच्या वेळेला घराबाहेर पडलो आणि पांझरेच्या काठाने चालू लागलो. ती तिकडे चालत असेल, मी इकडे. पुढे रोजच. घाई केली नाही, तीही घाई करत नाही. मंडळातले लोक सकाळी फिरतात, त्यामुळे संध्याकाळी मला कुणी चिडवलं नाही. एकदा सुपडूआबा भेटले. मी एकटाच हळू चालत होतो आणि, खोटं कशाला सांगू, तोंडाने काहीतरी बोलत होतो. त्यांनी काही विचारलं नाही. पुलापर्यंत बरोबर आले आणि म्हणाले, "वहिनी कधी येतीस?"

"येईल पावसाळ्यापर्यंत."

"हां," ते म्हणाले. "लांब शे."

असं महिनाभर चाललं, आणि एका सकाळी फोनवर संदेश आला. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. जावयाला कंपनीचा मेसेज गेला होता आणि त्याने न वाचता 'हो' दाबलं होतं. आजकाल माणसं 'नाही' म्हणताना विचार करतात आणि 'हो' म्हणताना करत नाहीत. मी घाईने फोनलाच विचारलं, "रावसाहेब, काल मला झोप कशी लागली?"

"नवलजी, काल आपण सलग साडेआठ तास झोपलात. मात्र आपली हालचाल अत्यंत अपुरी आहे. आपलं वजन आणि साखर पाहता हे चिंताजनक आहे."

शेवटी मेमो आला. माझ्या नावाचा, खरा. पण सुलक्षणा त्या आवाजातून उठून गेली होती.

मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. "मला माझी तक्रार मागे घ्यायचीय. होतं तसं करून द्या."

"सर, निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. नवी तक्रार करावी लागेल."

"काय म्हणून करू?"

"काय बिघडलंय ते सांगा ना, सर."

मी फोन ठेवून दिला. घड्याळ उत्तम चालत होतं.

विधीला सांगितलं असतं तर तिने परत एक नंबरचं घड्याळ जोडून दिलं असतं. पण तिला सांगायचं म्हणजे कारण सांगायचं, आणि ते लखीचंदशेठच्या दुकानापर्यंत गेलं असतं. शिवाय एकदा भिंतीला लावलेला कान निघाला की तो परत लावायला फार निर्लज्जपणा लागतो. दोन दिवस मी घरात इकडून तिकडे फिरलो. दुपारच्या फोनवर ती म्हणाली, "झोप मस्त होते." पहिल्यांदाच मला ते खरं की खोटं, काही कळायला मार्ग नव्हता. फोन ठेवला आणि पिशवी भरली.

चंदनबाईंना किल्ली दिली. "सुरतला चाललो, बाळाला बघायला," एवढंच सांगितलं. "कळवलंय ना तिकडे?" त्यांनी विचारलं. मी नुसती मान हलवली, ती हो अशी दिसावी इतपत. सकाळच्या एसटीने अमळनेर गाठलं, तिथून दुपारची गाडी. बसायला जागा मिळाली ती एका म्हाताऱ्या बाईच्या गाठोड्याशेजारी. तिने दोंडाईच्यापर्यंत मला तिच्या सुनेचे गुण सांगितले. मी ऐकत होतो आणि घड्याळाकडे बघत होतो. घड्याळात वेळही दिसते, हे मी विसरूनच गेलो होतो. नंदुरबारच्या पुढे गाडी एका आडजागी उभी राहिली ती राहिलीच. कुणी म्हणे सिग्नल, कुणी म्हणे पुढे मालगाडी आहे. एरवी मी अशा वेळी रेल्वेला दोन शब्द सुनावतो. त्या दिवशी मी खिडकीतून पुढचा सिग्नल शोधत राहिलो. तिची बसायची वेळ मला पाठ होती. ती वेळ गाडी उभी असतानाच निघून गेली. आता घरी जाऊन दारावरची बेल वाजवायची, दिपमालाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, जावयासमोर चहा प्यायचा. ते सगळं छानच होतं, पण त्यासाठी मी निघालो नव्हतो.

उधन्याला उतरलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. उतरणाऱ्यांची झुंबड, डोक्यावर पोती, बायकांच्या हातात पोरं, सगळीकडे आपलीच बोली. गर्दी जिन्याकडे सरकली आणि फलाट मोकळा होत गेला. तेव्हा मला शेवटच्या बाकावर सुलक्षणा दिसली. मांडीवर रिकामी कापडी पिशवी, आणि उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघणारी नजर. ती नजर फिरत फिरत माझ्यावरून पुढे गेली, थांबली, आणि परत आली.

ती उठली नाही. मी जाऊन शेजारी बसलो.

"इतका वेळ बसलीस?" मी विचारलं.

"गाडी उशिरा होती ना."

"कुणाला घ्यायला आली होतीस?"

"कुणाला नाही," ती म्हणाली. "गाडी आली की जाते मी. आपल्याकडची माणसं उतरतात, बोलतात, भांडतात. जरा ऐकते अन् जाते. घरात काही कमी नाही हो. पोरगी चांगली, जावई चांगले. पण दिवसभर बाळाशी बोलून बोलून तोंड गोड होतं, मग कुणाशी तरी नीट बोलावंसं वाटतं." मग एकदम तिच्या लक्षात आलं. "पण तुम्हाला कसं कळलं मी इथे असते?"

मी सांगितलं. सोनगीर सांगितलं, जळगाव सांगितलं, जिलबी सांगितली. ती आधी हसली. किल्ल्याच्या वेळी तर पदर तोंडाला लावून हसली, इतकी की पुढच्या बाकावरचा हमाल वळून बघायला लागला. मग मध्येच तिने पदर खाली घेतला.

"म्हणजे मी रात्री उठायची ते तुम्हाला कळत होतं?"

"हो."

"अन् फोनवर मी मस्त झोपते म्हणायची, तेव्हा तुम्ही 'बरं' म्हणायचात?"

"काय म्हणणार मग?"

तिने घड्याळ मनगटावरून काढलं, पिशवीत टाकलं. मला वाटलं, रागावली. पण ती म्हणाली, "आता विचारा. जे विचारायचं ते मला विचारा."

मी विचारलं. झोप, गुडघे, दिपमालाशी झालेलं एक छोटं भांडण, सगळं. तिनेही विचारलं, आणि शेव-मुरमुऱ्यांचं मला कबूल करावं लागलं. मध्ये दिपमालाचा फोन आला, आई कुठे आहेस, किती वेळ? "येते गं," सुलक्षणा म्हणाली, "जरा भाजीवाल्याशी बोलत होते." फोन ठेवून ती माझ्याकडे बघेना.

तेवढ्यात परत जाणाऱ्या गाडीची घोषणा सुरू झाली. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा. सुलक्षणाचे ओठ हलत होते. पुढचं नाव घोषणेच्या आधी तिच्या ओठांवर यायचं. अमळनेरला तिचा आवाज थोडा फुटला आणि तिने माझा हात धरला, चारचौघांत, फलाटावर. हे आमच्यात याआधी झालेलं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं.

"कधी परत जाणार?" तिने विचारलं.

"दोन दिवस राहीन म्हणतो."

"दोन दिवसांनी काय होतं? आठ दिवस राहा."

"जावयाकडे आठ दिवस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," ती म्हणाली. गाडी लागली, डब्यांची दारं धडाधड उघडली, माणसं आत घुसली. आम्ही दोघं बाकावरच बसलो होतो. गाडी हलली, शेवटचा डबा पुढे गेला, आणि रुळांवर संध्याकाळचा उजेड राहिला. सुलक्षणाने हात सोडला नव्हता.

"चला," ती म्हणाली, "तीन मजले चढायचेत." आणि उठली मात्र नाही.